सपाट गच्ची सपाट नसते

[सकाळ. गच्चीचं लोखंडी दार उघडतं, कॅमेरा दारातून आत येतो.]

नमस्कार मंडळी. आत्ता आपण उभे आहोत ठाण्यात पाचपाखाडीला, एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर. मागे येऊरचा डोंगर दिसतोय बघा, पावसाळ्यात तिथे ढग टेकला की बघता बघता इथे धो धो सुरू. ही माझीच सोसायटी, आणि या गच्चीने आम्हाला सलग तीन पावसाळे रडवलंय. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमधे सोफा बाजूला सरकवून पातेली मांडलेली असायची आणि रात्रभर टप टप टप. आम्ही पैसे घालवून जे शिकलो ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हा व्हिडिओ.

तर पहिली गोष्ट, सपाट गच्ची सपाट नसते. डोळ्याला दिसते सपाट, पण तिला उतार दिलेला असतो, साधारण १०० ला १, म्हणजे दहा मीटर अंतरात दहा सेंटीमीटरचा फरक. तेवढ्या उतारावर सगळा खेळ आहे. कौलांवर पाणी पडलं की पळतंच, इथे मात्र त्याला हळूहळू चालत पाईपच्या तोंडापर्यंत जायचं असतं, आणि वाटेत कुठे खोलगट जागा लागली की ते तिथेच बसतं. आणि बसलेलं पाणी आज ना उद्या खाली उतरतंच.

पाणी किती, तर हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ही गच्ची ३०० चौरस मीटरची. १०० मिलिमीटर पाऊस तर जुलैत आपल्याकडे एखाद्या दिवशी सहज होतो, म्हणजे झाले ३० हजार लिटर, मोठे तीन टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तेवढा इथे पडला तर २ लाख ८३ हजार लिटर. आणि हे सगळं जाणार कुठून, तर कोपऱ्यातल्या या चार इंची पाईपांमधून. पाईप तुंबले आणि गच्चीवर चार इंच पाणी साठलं तरी स्लॅबवर ३० टन वजन येतं हो!

[क्लोजअप. कोपऱ्यातलं पाईपचं तोंड, जाळी काढलेली, हात आत जातो.]

हे बघा आता काय निघतंय. पिंपळाची कुजलेली पानं, कबुतराची पिसं, संक्रांतीचा मांजा, अर्धी दुधाची पिशवी, आणि खाली हा काळा गाळ, हाताला अगदी लोण्यासारखा लागतोय. मेच्या शेवटी साफ केलेलं तोंड आहे हे आणि आज जुलैची आठ तारीख. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वॉटरप्रूफिंगचं केमिकल कुठलं मारायचं, किती वर्षांची गॅरंटी, या चर्चेत मीटिंगच्या मीटिंगा जातात त्याआधी वॉचमनला पावसाळाभर दर रविवारी ही तोंडं साफ करायचं काम लावून द्या, आणि जाळी सपाट नको, घुमटासारखी उंच बसवा, सपाट जाळीवर एक पिशवी येऊन बसली की संपलं.

आता पायाखाली काय आहे ते. सगळ्यात खाली आरसीसी स्लॅब, म्हणजे आत लोखंडी सळया असलेलं काँक्रीट, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून उतार तयार करतात, वर वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला सिमेंटचा थर, आणि तो ओला असताना मिस्त्री दोरी मारून हे फूट फूटभर चौकोन पाडतात. ते डिझाईन नाहीये बरं का, थर आकसला की तडा वेडावाकडा न जाता त्या रेषेत जावा यासाठी ते असतं. काही गच्च्यांवर फुटक्या टाइलांचं चायना मोझॅक असतं, पांढरं असलं की ऊनही परत फेकतं, खालच्या घराला तेवढाच आराम.

आणि ही गोलाई, कठडा आणि गच्ची जिथे भेटतात तिथली, याला वाटा म्हणतात. मला विचाराल तर गच्चीत सगळ्यात नाजूक जागा हीच. मेमधे स्लॅब तापते, रात्री निवते, २० मीटरच्या स्लॅबला ३० अंशांचा फरक पडला तर ती साधारण सहा मिलिमीटर लांब-आखूड होते. रोज. कठडा तिच्यासारखा हलत नाही, मग ओढाताण होते आणि वाटा सुटतो, केसाएवढी फट पडते. त्या फटीत कावळ्याने पिंपळाची बी टाकली की झालं, वरून रोप उपटलं तरी मूळ आतच राहतं आणि पुढच्या वर्षी दोन फांद्या जास्त.

गळती शोधताना लोक काय करतात, खाली जिथे टपकतंय त्याच्या बरोब्बर वर जाऊन सिमेंट थापतात. आम्हीही तेच केलं. पण पाणी फटीतून कोब्यात शिरतं, कोबा स्पंजासारखा ते पितो, मग ते स्लॅबवरून सरकत सरकत जिथे बारीक तडा मिळेल तिथे उतरतं. काकूंच्या हॉलमधे टपकायचं आणि फट होती पार पाण्याच्या टाकीजवळ, डिश अँटेनाच्या फ्रेमसाठी कोणीतरी चार भोकं पाडली होती तिथे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकतंय म्हणजे कोबा भरलेला आहे असं समजा.

[हातोडी. मिस्त्री गच्चीवर जागोजागी हलकेच ठोकतात.]

ऐका. इथे टण्ण वाजतंय... आणि इथे बद्द. बद्द म्हणजे थर खालून सुटलाय. तिथे खडूने गोल करायचा. अशी सगळी गच्ची ठोकून काढायला एक सकाळ पुरते, आणि मग कळतं की सगळी गच्ची उखडायची की सात-आठ जागाच दुरुस्त करायच्या.

आमची सगळ्यात मोठी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, एक सर पडून गेल्यावर, एका कॉन्ट्रॅक्टरने ओलसर गच्चीवर कोटिंग मारलं. आम्ही उभे होतो तिथे, कोणी अडवलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात आतली वाफ वर आली, कोटिंगला पापडासारखे फुगे आले आणि ते हाताने सोलून निघालं. काम होळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतच करा, गच्ची कोरडी ठणठणीत असताना. आणि जुन्या कोब्यावर परत नवा कोबा टाकू देऊ नका, साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या पुढे जातं, जुन्या स्लॅबने ते का म्हणून उचलायचं.

खालून सीलिंगला प्लास्टर आणि रंग मारणं म्हणजे तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाणी आत मुरतच राहतं, सळई गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, मग खालचं काँक्रीट फुगून खपल्या पडतात. वाशीला माझा मावसभाऊ राहतो, खाडी जवळ, तिथे खाऱ्या हवेने हे अजून लवकर होतं. सीलिंगवर तांबूस रेघ दिसली की रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला फोन करा. आणि हे काम टॉप फ्लोअरवाल्याचं एकट्याचं नाही, आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नियमावलीप्रमाणे, गच्चीची गळती काढायचा खर्च सोसायटीचा. काकूंना तीन वर्षं आम्ही "बघू" म्हणत राहिलो याचं मला आजही वाईट वाटतं.

पत्र्याच्या शेडबद्दल खूप जण विचारतात. चालते, पण महापालिकेची परवानगी घ्या, आणि शेडचं पाणीही शेवटी त्याच पाईपांतून जातं हे विसरू नका.

[मे महिन्यात केलेलं शूटिंग. गच्चीवर पाणी भरलेलं.]

हे दुरुस्तीचं काम झाल्यानंतरचं, गळती खरंच थांबली का ते बघायला. पाईपांची तोंडं विटा आणि मालाने बंद केली, सगळ्यात उंच जागीही इंचभर पाणी येईल इतकं भरलं, त्याआधी इंजिनियरला विचारून, आणि ४८ तास ठेवलं. कठड्यावर पेन्सिलची खूण. बाजूला एक बादली पाण्याने भरून उन्हात, कारण मेमधे पाणी असंही उडतं, बादलीत जितकं कमी होईल तितकंच गच्चीत व्हायला पाहिजे. ४८ तासांनी बघितलं तर बादलीतलं पाणी आणि खुणेपासून गच्चीतलं पाणी, दोन्ही सारखंच उतरलं होतं. खाली काकूंनी खुर्चीवर चढून स्वतः सीलिंगला हात लावून बघितला. कोरडं. मग मिस्त्रींनी वीट काढली, आणि हा आवाज ऐका, सगळं पाणी पाईपातून खाली जातानाचा.