टक्के मोजायचे की तास? ‘नाटो’च्या खर्चाचा हिशेब

मंडळी, आजचा विषय आहे मित्रराष्ट्रांनी संरक्षणाचा भार वाटून कसा घ्यावा. त्याकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर करू. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिची एक तिजोरी आहे, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखे तिच्यात प्रत्येकाने दोन टक्के भरायचे आणि काही देश थकबाकीदार आहेत, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. हे दोन टक्के म्हणजे त्या देशाने आपल्या जीडीपीतून स्वतःच्याच सैन्यावर करायचा खर्च. 2014 च्या वेल्स परिषदेत ठरलं ते एवढंच, की दहा वर्षांत या आकड्याकडे सरकायचं आणि खर्चातला किमान पाचवा हिस्सा मोठ्या युद्धसामग्रीवर घालायचा.

सामाईक निधी आहे, पण तो सगळ्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या जेमतेम 0.3 टक्के. त्यातले हिस्से राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरतात. अमेरिकेचा 22 टक्क्यांच्या आसपास होता. 2019 च्या समझोत्याने तो 16 च्या घरात, जर्मनीच्या बरोबरीला आणला. बाकी सगळीकडे ज्याचं सैन्य त्याचा खर्च. लिथुआनियातल्या शाउल्याई तळावरून स्पेनची विमानं बाल्टिक आकाशात गस्त घालतात, तेव्हा वैमानिकांचे पगार आणि सुटे भाग स्पेनच्याच माथी.

आता माझी जुनी तक्रार. 2014 साली दोन टक्के गाठणारे देश तीनच होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. ग्रीसला तुर्कस्तानची धास्ती होतीच, पण कर्जसंकटात त्याची अर्थव्यवस्था सुमारे पाव हिश्शाने आक्रसली, म्हणून खर्च कापूनही टक्का टिकला. त्यातही बहुतेक पैसा पगार आणि पेन्शनचा, कारण नाटोच्या व्याख्येत निवृत्त सैनिकांचं पेन्शनही धरतात. डेन्मार्क दीड टक्क्याच्याही खाली होता. पण अफगाणिस्तानात, हेल्मंडसारख्या प्रांतात त्याचे जवान लढले आणि 55 लाख वस्तीच्या त्या देशाने चाळीसहून अधिक सैनिक गमावले. टक्क्यांच्या तक्त्यात हे कुठे दिसतं?

म्हणून मला हंगेरीतला पापा हा तळ फार मोलाचा वाटतो. तिथे तीन सी-17 ग्लोबमास्टर मालवाहू विमानं आहेत. आपल्या हवाई दलाकडे हीच 11 विमानं आहेत, त्यामुळे त्यांचा आवाका तुम्हाला ठाऊक आहे: एका फेरीत 77 टनांपर्यंत माल. पापाची तीन विमानं बारा देशांच्या मालकीची. करार 2008 चा, विमानं आली 2009 मध्ये. स्वीडन आणि फिनलंड तेव्हा नाटोचे सदस्यही नव्हते, तरी यात होते.

वाटणी अशी, की वर्षाला 3,165 उड्डाणतास धरले. अमेरिकेचे 1,000, स्वीडनचे 550, नेदरलँड्सचे 500, नॉर्वेचे 400. खाली स्लोव्हेनिया 60, एस्टोनिया आणि लिथुआनिया प्रत्येकी 45. जितके तास, तितका खर्चाचा वाटा. विमानांवर खूण हंगेरीची, चमू मिश्र देशांचा. आपले तास नाटोसाठी वापरायचे, संयुक्त राष्ट्रांसाठी की स्वतःसाठी, हे ज्याचं तो ठरवतो. एस्टोनियाला असं विमान एकट्याने कधीच झेपलं नसतं. अडचण येते ती संकटात. सगळ्यांना विमान एकाच आठवड्यात हवं असतं, आणि एक देखभालीला गेलं की उरतात दोन. चौथं नवं मिळणार नाही, कारण सी-17 चं उत्पादन 2015 मध्येच थांबलं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा झटपट मांडतो. 2025 च्या हेग परिषदेत 2035 पर्यंत पाच टक्क्यांचं लक्ष्य ठरलं: साडेतीन थेट लष्करी, दीड पायाभूत सुविधा, सायबर, उद्योग अशांसाठी. या दीड टक्क्यात कोणताही रस्ता घुसवता येईल. साठ टनांहून जड लेपर्ड रणगाडा ज्या पुलावरून जातो, तोच पूल या दीड टक्क्यात धरा. बाल्टिक देशांत रुळांची रुंदी 1,520 मिलिमीटर, पोलंडमध्ये 1,435. सरहद्दीवर रणगाडे दुसऱ्या गाडीवर चढवण्याचा वेळ वाचवणारा लोहमार्ग त्यात धरा.

साडेतीन टक्क्यांचंही तेच. 2022 च्या माद्रिद परिषदेनंतरच्या आराखड्यात दहा दिवसांत एक लाखाहून अधिक सैनिक सज्ज करायचे आहेत. त्यातले कोणाचे किती, दारूगोळा किती दिवसांचा, हा तक्ता या लक्ष्याच्या 2029 मधल्या आढाव्यात टक्क्यांच्या आधी मांडला पाहिजे. आणि महागड्या सामग्रीसाठी पापाचीच पद्धत घ्या. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचा ताफा अशाच उड्डाणतासांवर चालतो, आणि 2025 मध्ये स्वीडन व डेन्मार्क त्यात सामील झाले आहेत.