ठेव आली म्हणजे कमाई झाली का?

नमस्कार मंडळी. ताळेबंदावरचं बोलणं ऐकायला आपल्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एवढी माणसं जमली, पुढे कॉमर्सची मुलंही बसलीत, मला खरंच बरं वाटलं. थेट विषयाकडे येतो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा परवा मोबाईल घेऊन आला, म्हणाला काका हे बघा, या बँकेचा कॅपेक्स ऑपरेटिंग कॅश फ्लोच्या फक्त ५ टक्के आहे, म्हणजे बँक भक्कम ना, शेअर घेऊ का. कॅपेक्स म्हणजे इमारत, यंत्रं अशा टिकाऊ गोष्टींवरचा खर्च, आणि ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणजे रोजच्या धंद्यातून आलेली निव्वळ रोख. मी म्हटलं मागच्या वर्षाचा आकडा काढ. तिथे मायनस निघाला. तो गोंधळला, आणि त्याचं काही चुकलेलं नव्हतं, गुणोत्तर त्याने बरोबरच काढलं होतं, फक्त ते बँकेला लावायचं गुणोत्तर नव्हतं.

आपल्या सेव-उसळवाल्याचं बघा. दिवसभराच्या विक्रीतून वाटाणे, पाव, गॅस, पोरांचा पगार सगळं भागवून वर्षाला १० लाख उरले, त्यातून त्याने २ लाखांची नवी भट्टी आणि फ्रीज घेतला, तर २० टक्के. आकडा कामाचा आहे, कारण गल्ल्यातले ते १० लाख त्याचे स्वतःचे आहेत. मकरपुऱ्यातल्या कारखान्यालाही हा हिशोब चालतो.

आता बँकेच्या गल्ल्यात काय येतं? तुमची-माझी ठेव येते. कॅश फ्लो स्टेटमेंटचा, म्हणजे रोख कुठून आली आणि कुठे गेली या तक्त्याचा, नियम असा आहे की बँकेसाठी ठेवी घेणं आणि कर्ज देणं हाच धंदा, म्हणून ठेवी वाढल्या की ऑपरेटिंग कॅश फ्लोमध्ये प्लस, कर्जवाटप वाढलं की मायनस. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण कारखान्याने बँकेकडून कर्ज घेतलं तर ते फायनान्सिंगमध्ये, म्हणजे पैसा उभारण्याच्या भागात जातं, आणि बँकेने तुमच्याकडून ठेव घेतली, जी तिला व्याजासकट परत करायचीय, ती ऑपरेटिंगमध्ये बसते. नाव एकच, आत भरलेला माल वेगळा.

सोपे आकडे घेऊ, मनाचे आहेत, कुठल्या बँकेचे नाहीत. नफ्यात घसारा (वापराने वस्तूंची घटलेली किंमत), प्रोव्हिजन (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी बाजूला काढलेली रक्कम) वगैरे परत मिळवून, टॅक्स वजा करून बँकेची रोख कमाई ६० कोटी. पहिल्या वर्षी ठेवी ९०० कोटींनी वाढल्या, कर्जं ७०० कोटींनी. ऑपरेटिंग कॅश फ्लो झाला २६० कोटी. कॅपेक्स १३ कोटी, म्हणजे ५ टक्के. दुसऱ्या वर्षी उलट झालं, ठेवी ७०० ने वाढल्या आणि कर्जं ९०० ने, कमाई तीच ६०, कॅपेक्स तोच १३. आता कॅश फ्लो उणे १४० कोटी आणि गुणोत्तर उणे ९ टक्के. अहो तीच बँक, तेच लॉकर, तीच एटीएम! उलट दुसऱ्या वर्षी बँकेने कर्ज जास्त दिलंय, आणि ते चांगल्या पार्ट्यांना दिलं असेल तर धंदा वाढलाच की.

मी स्वतः एका बँकेच्या शाखेत अकाउंट्स बघत होतो तेव्हाची एक ३१ मार्च अजून डोळ्यासमोर आहे. संध्याकाळ उलटून गेलेली, ठेवींच्या टार्गेटला थोडं कमी पडत होतं, आणि मॅनेजरसाहेबांच्या ओळखीच्या एका शेठचा मोठा चेक जमा झाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पेढे आले. २ एप्रिलला ती रक्कम निघून गेली. त्याच वर्षी आमच्या शाखेने नोटा मोजायचं एक मशीन घेतलं होतं, त्यासाठी तीन कोटेशन, दोन स्मरणपत्रं आणि चार महिने लागले होते. म्हणजे गुणोत्तरात वरचा आकडा इतका घासून घासून ठरलेला, आणि खालचा दोन रात्रींच्या पाहुण्याने फुगलेला. मला तेव्हापासून त्या आकड्याचा राग आहे, खरं सांगतो.

नोव्हेंबर २०१६ आठवा. ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, रांगा लागल्या, ठेवींचा पूर आला. त्यात बँकांची कमाई किती होती? लोकांनी घरातले पैसे आणून भरले होते.

मग बघायचं काय? त्याच स्टेटमेंटमध्ये, ठेवी आणि कर्जांच्या फरकांच्या आधी, एक मधली बेरीज असते. ती घ्या, भरलेला टॅक्स वजा करा, आणि कॅपेक्स त्याच्याशी मोजा. आपल्या उदाहरणात दोन्ही वर्षी ६० ला १३, साधारण २२ टक्के. आकडा स्थिर झाला बघा. तरी एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षांची बेरीज करा, कारण एखाद्या वर्षी नवं डेटा सेंटर उभं राहतं आणि मग तीन वर्षं शांत जातात.

कॅपेक्सचा आकडा शेड्यूल १० मधल्या, म्हणजे ताळेबंदाच्या फिक्स्ड अ‍ॅसेट्सच्या (इमारती, यंत्रं वगैरे) तक्त्यातल्या, दोन वर्षांच्या फरकावरून काढू नका हं. इमारतींचं रिव्हॅल्युएशन झालं, म्हणजे त्यांची किंमत नव्याने ठरवली, की तिथली किंमत वाढते आणि रोख एक रुपयाही गेलेली नसते. कॅश फ्लो स्टेटमेंटच्या इन्व्हेस्टिंगच्या भागात फिक्स्ड अ‍ॅसेट्सची खरेदी असं लिहिलेलं असतं, तेच उचला, आणि शेजारी घसारा मांडा. बँका कॉम्प्युटरवर वर्षाला ३३.३३ टक्के घसारा काढतात, म्हणजे तीन वर्षांत त्याची किंमत संपली. कॅपेक्स जर वर्षानुवर्षं घसाऱ्यापेक्षा कमी असेल तर विचारा की जुनी सिस्टीम किती दिवस ताणणार आहात, कारण सर्व्हर डाऊन झाला की पेन्शनवाली आजी काउंटरवर ताटकळते.

पण इथे एक मेख आहे. १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे बँक ऑफ बडोदा काढली तेव्हा बँकेचा भांडवली खर्च म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, इमारत, तिजोरी, टेबलं. आज शाखा भाड्याच्या जागेत, सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर, सर्व्हर दुसऱ्याचा. हा सगळा खर्च शेड्यूल १६ मध्ये, चालू खर्चात जातो, कॅपेक्समध्ये दिसतच नाही. म्हणून कॅपेक्स कमी दिसला की बँक कंजूष आहे असं लगेच म्हणू नका, शेड्यूल १६ शेजारी उघडून ठेवा आणि दोन्ही मिळून वाचा.

मागून कोणीतरी विचारलंय, ऑपरेटिंग कॅश फ्लो मग बघायचाच नाही का? बघा ना, जरूर बघा. मायनस असेल तर कशाने झाला ते शोधा. कर्जं वाढल्याने झाला असेल तर कोणाला दिली ते बघा. ठेवी निघून गेल्याने झाला असेल तर मात्र थांबा, आणि लोक पैसे का काढतायत ते त्या शाखेच्या दारात उभं राहून विचारा.