शुक्रवारचा पाऊस, सोमवारचं मतदान

(दृश्य : रात्रीची सभा. पावसाच्या सरी, मंचावरचा उजेड.)

१८ ऑक्टोबर २०१९. सातारा. पाऊस धो धो कोसळतोय आणि सभा सुरूच आहे. डोक्यावर छत्री नाही, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय. ७८ वर्षांचे शरद पवार बोलत राहतात. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुलीही ते त्याच पावसात देऊन टाकतात.

मैदानात होते ते भिजले. उरलेल्या महाराष्ट्रानं ही सभा कोरड्या अंगानं पाहिली. अंथरुणात, एसटीत, चहाच्या टपरीवर. फोनमध्ये.

त्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारी संध्याकाळी प्रचार संपणार, सोमवारी मतदान. ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा ठरलेला मथळा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाही. पण व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तास टिकतं, आणि पुसलं गेलं की माणूस ते पुन्हा ठेवतो. भोंगे बंद, मंडप उतरवलेला, आणि भिजलेले पवार मात्र खिशाखिशात बोलतायत.

याला प्रचार म्हणायचं का? म्हटलं, तर खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? निवडणूक आयोगाच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे उमेदवार आपल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती शपथपत्रात देतो, जाहिरात आधी समितीकडून तपासून घेतो, तिचा खर्च हिशेबात दाखवतो. मावसभावानं हौसेनं ठेवलेल्या स्टेटससाठी मात्र त्या हिशेबात रकाना नाही.

(दृश्य : मोठा पडदा. समोर गर्दी.)

त्याच वर्षी, सहा महिने आधी. गुढीपाडवा, शिवाजी पार्क. राज ठाकरे भाषण मध्येच थांबवतात आणि म्हणतात, ‘ए, लाव रे तो व्हिडिओ!’ पडद्यावर पंतप्रधानांचं जुनं भाषण. मग आताचं. मेळघाटातल्या हरिसालला ‘डिजिटल गाव’ म्हणून दाखवणारी सरकारी जाहिरात, आणि लगेच त्याच गावातली प्रत्यक्ष परिस्थिती. पुढे जिथे सभा, तिथे पडदा. भाजपच्या आशिष शेलारांनाही शेवटी उत्तर व्हिडिओनंच द्यावं लागलं. मनसेचा एकही उमेदवार त्या लोकसभेला उभा नव्हता, म्हणून या सभांचा खर्च धरायचा कुणाच्या खात्यात, हा प्रश्न भाजपनं विचारलाच. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य घराघरात गेलं. नवरा-बायकोच्या भांडणातही ते ऐकू यायला लागलं.

निकाल लागला तेव्हा राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीच्या पदरात पडल्या होत्या.

आणि सातारा? तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. मे महिन्यात राष्ट्रवादीच्या तिकिटावर जिंकलेले उदयनराजे भोसले चारच महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते. पवारांच्या ‘चुकी’चा रोख कुणावर होता, हे साताऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी निवडून आले. विधानसभेतही पक्ष ४१ वरून ५४ वर गेला.

पावसानं निवडणूक फिरवली, असं म्हणायला मजा येते. मला ते पटत नाही. पवार त्याआधी कित्येक दिवस राज्यभर फिरत होते. ईडीच्या प्रकरणात नाव आल्यावर ‘मीच तिकडे येतो’ म्हणून त्यांनी सप्टेंबरातच हवा तापवली होती. आणि साताऱ्यात व्हिडिओ पाहून पेटलेल्या माणसाला बटण दाबायला समोर एक चिन्ह होतं, दारात येणारा कार्यकर्ता होता. राज ठाकरेंचा व्हिडिओ पाहून पेटलेल्या माणसाला मनसेचं बटणच नव्हतं. विधानसभेला ते आलं, पण तोवर निखारे विझले होते. निवडून आला एक आमदार.

(दृश्य : कार्यकर्त्याचा हात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मतदार यादी.)

हा कार्यकर्ता जरा जवळून पाहू. २०१८ च्या जुलैत, अफवांमुळे माणसं मारली गेल्यानंतर, व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्या वेळी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत. पाच ग्रुप म्हणजे १,२८०. एका मतदान केंद्राच्या यादीत सहसा याहून जास्त नावं नसतात! म्हणजे मर्यादा पाळूनही तेव्हा एका दमात सगळा बूथ उरकायचा. सकाळी ‘सुप्रभात’, दुपारी नेत्याचं क्रिएटिव्ह, म्हणजे फोटो-घोषणेचं तयार चित्र, संध्याकाळी व्हिडिओ. ग्रुपचं नाव गणेश मंडळाचं, माणसं गल्लीतलीच. वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली प्रचार येतो, म्हणूनच तो उघडला जातो. अनोळखी आयटी सेलला हे जमत नाही.

तेव्हापासून कुठे सभेत पाऊस आला, की छत्री बाजूला सारणारा नेता आणि त्याच्याकडे वळलेले पन्नास फोन दिसतातच. पाऊस खरा असतो. व्हिडिओ फिरतोही, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर विनोद फिरतात.

(दृश्य : मतदानाचा दिवस. शाळेचं फाटक, रांग.)

मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर, झाडाखाली टेबल. यादीवर लाल पेनाच्या खुणा. दुपारचे साडेतीन. कार्यकर्ता ग्रुपवर लिहितो : ‘पाटील वाड्यातले सात जण राहिलेत. गाडी पाठवू का?’ खाली तीन अंगठे येतात. तो चप्पल सरकवतो आणि स्वतःच वाड्याकडे निघतो.