अकेडियाच्या पुढे, वॉशिंग्टन काउंटीत

नमस्कार मंडळी! जेवणाच्या आधी बोलायला दिलंत, कमिटीचे आभार, फार वेळ घेत नाही.

आपल्यातले बरेच जण उन्हाळ्यात अकेडिया नॅशनल पार्कला जातात आणि तिथूनच परत फिरतात, पण अजून वर गेलं ना की मेन राज्याची वॉशिंग्टन काउंटी लागते, अमेरिकेचं अगदी पूर्वेचं टोक, सेंट क्रॉय नदीच्या पलीकडे कॅनडा, इकडे ब्लूबेरीची माळरानं, मासेमारीची लहान लहान गावं, आणि पासमाक्वाडी हे मूळ रहिवासी लोक, जे ही बॉर्डर आखायच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे राहतायत. सिपायिक आणि इंडियन टाउनशिप ही त्यांची दोन मोठी गावं अलीकडे, काही भाऊबंद पलीकडे न्यू ब्रन्सविकमधे.

मला सांगायचंय ते त्यांच्या आवाजाबद्दल. मार्च 1890 मधे जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचे एक संशोधक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन याच काउंटीतल्या कॅलस गावी आले आणि पासमाक्वाडी लोकांची गाणी, गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर भरून घेतल्या, एकावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. लोकांमधे जाऊन केलेलं असं हे जगातलं पहिलं रेकॉर्डिंग मानतात. पण आवाज गेला हार्वर्डच्या म्युझियममधे, तिथून लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे! 1980 च्या दशकात कॅसेट परत आल्या, पण खरखर इतकी की शब्द लागणं अवघड. अलीकडे रेकॉर्डिंग नव्याने साफ केल्यावर ड्वेन टोमा यांच्यासारखी भाषा जपणारी माणसं कान लावून एकेक ओळ उतरवायला बसली. आणि कुठलं गाणं सगळ्यांनी ऐकायचं, कुठलं फक्त समाजातच ठेवायचं, हे आता ते स्वतः ठरवतात, लायब्ररीच्या कॅटलॉगमधे त्यांची लेबलं लागलीयत. नुसत्या फाइल परत देणं सोपं असतं हो, हक्क परत देणं ही खरी गोष्ट, म्हणून मला याचं एवढं अप्रूप आहे.

भाषा सहज बोलणारे आता बहुतेक वयस्कर आहेत. 2008 मधे डेव्हिड फ्रान्सिस आणि रॉबर्ट लेव्हिट यांचा 18,000 च्या वर नोंदींचा शब्दकोश आला, शिकणाऱ्या तरुण मुलांना त्याचा मोठा आधार आहे.

आणि त्यांच्या टोपल्या! ब्राउन अ‍ॅश या झाडाचा ओंडका घ्यायचा, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने सगळीकडून सारखा ठोकत जायचं, मग वर्षावर्षाचा थर पट्टीसारखा सुटून येतो, ती पट्टी तासून, चिरून विणायची, कडेला गवताची वेणी, त्या गवताचा वास टोपलीला कितीतरी दिवस राहतो. आपल्याकडच्या बुरुडांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. पासमाक्वाडींच्या कथेत तर त्यांचा आद्य नायक कोलुस्काप याने अ‍ॅशच्या झाडाला बाण मारला आणि त्यातून माणसं बाहेर आली. म्हणून 2018 मधे अ‍ॅश पोखरणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा मेनमधे सापडला तेव्हापासून काळजी आहे, झाड गेलं तर ठोकायला ओंडका कुठून आणायचा?

तर यंदा मंडळाची उन्हाळी ट्रिप तिकडे न्यावी असं मला मनापासून वाटतं. सिपायिकला त्यांचं म्युझियम आहे, टोपली घ्यायची तर थेट विणणाऱ्यांकडून, भाव न पाडता घेऊ. फोनवर गाणं किंवा गोष्ट रेकॉर्ड करायची असेल तर आधी विचारायचं, नाही म्हणाले तर फोन खिशात. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावं द्या, गाड्यांचं तेव्हाच ठरवू.