आधी सर्वेअर, मग सुतार

नमस्कार मंडळी. नाखवा म्हणजे बोटीचे मालक, तांडेल म्हणजे बोट चालवणारे, खलाशी सगळ्यांना नमस्कार, आणि घरी कागद सांभाळणाऱ्या ताई-वहिनींना तर आधी, कारण बोटीची पॉलिसी नाखवाच्या खिशात कधीच नसते, ती घरात कपाटात, लग्नाच्या साडीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, आणि बोट आपटल्यावर पहिला फोन तिथेच जातो की अगं तो कागद बघ जरा.

मी मच्छीमार सोसायटीत कागदपत्रांचं काम बघतो. आत्ता ३१ जुलैपर्यंत मासेमारीची पावसाळी बंदी आहे, बोटी वर ओढलेल्या आहेत, रंगरंगोटी चालू आहे, १ ऑगस्ट आला की परत धावपळ. म्हणून म्हटलं आत्ता थोडा निवांतपणा आहे तर बोटीला अपघात झाला तर विम्याचा क्लेम कसा करायचा ते बोलून घेऊ.

आपल्याकडे काय होतं बघा. समजा बोट खाडीच्या तोंडाशी गाळात रुतली, लाटेने आडवी झाली, खडकावर आपटली आणि नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोनचार फळ्या फुटल्या. हर्णैच्या लोकांना हे सांगायला नको, वादळाचा इशारा आला की आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर जयगडला पळावं लागतं आणि खाडीचं तोंड गाळाने भरलेलं. तर बोट कशीबशी किनाऱ्याला आणली. आता सीझन चालू आहे, बोट उभी राहिली तर खलाशांचा पगार चालूच, बँकेचा हप्ता चालूच, आणि धंदा बुडाला त्याचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत, ती फक्त बोटीच्या नुकसानीची असते. मग माणूस काय करतो, त्याच संध्याकाळी सुताराला बोलावतो, दोन दिवसांत फळ्या बदलून रंग मारून बोट पाण्यात, आणि आठवड्याने क्लेमचा फॉर्म घेऊन माझ्यासमोर उभा. आता सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघणार काय, नवीन रंग?

त्याची घाई मला कळते, त्याला दोष द्यायचा नाही. पण आधी सर्वेअर, मग सुतार, हा क्रम उलटा झाला की क्लेम तिथेच निम्मा मेला. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करायचा आणि फोनवर न थांबता ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवायचं, तारीख, वेळ, जागा, बोटीचा नंबर, पॉलिसी नंबर, एवढं पुरे. क्लेम नंबर मिळाला की तो लिहून ठेवा. मोठ्या नुकसानीला कंपनी लायसन्स असलेला सर्वेअर नेमते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे नेमणूक झाल्यापासून १५ दिवसांत त्याने रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. उशीर झाला तर हे नियम दाखवून विचारा, लाजायचं काही कारण नाही.

पण सर्वेअर येईपर्यंत हात बांधून बसायचं असं नाही हां. इथे लोकांचा खूप गोंधळ होतो. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी आहे. बोट वर ओढा, पाणी उपसा, भोक पडलं असेल तर पत्रा किंवा ताडपत्री मारा, आणि इंजिनात खारं पाणी गेलं असेल तर एक दिवसही थांबू नका, मेकॅनिकला बोलावून गोड्या पाण्याने धुवून तेल बदलून घ्या, नाहीतर गंज चढल्यावर कंपनी म्हणणार हे अपघाताने नाही तुमच्या दुर्लक्षाने झालं. बोट वाचवायला केलेला असा खर्च बहुतेक पॉलिसीत मागता येतो, त्याला सू अँड लेबर म्हणतात, पॉलिसीत तो शब्द आहे का बघा. फक्त पावती पाहिजे. आता दुसऱ्या नाखव्याने आपली बोट टो करून आणली तर तो कुठला पावती देणार, तो म्हणणार अरे राहूदे रे, डिझेलचे पैसे दे बस. मग ते पैसे रोख न देता यूपीआयने द्या आणि त्याच्याकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या. जेसीबीवाल्याचंही तसंच.

फोटोंचं जरा नीट सांगतो. लोक लांबून अख्ख्या बोटीचा एक फोटो काढतात आणि सोबत स्वतः उभे. उपयोग शून्य. बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर दिसेल असा एक, मग फुटलेल्या जागेचा लांबून, मग अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. आणि फळी जिथे तुटली तिथलं लाकूड आतून कसं दिसतं ते टिपा. लाकडी बोटीत क्लेमचं सगळं भांडण इथेच असतं. सर्वेअर म्हणणार फळी कुजलेली होती म्हणून गेली, तुम्ही म्हणणार खडकाला लागली म्हणून गेली. ताजं तुटलेलं चांगलं लाकूड आतून स्वच्छ दिसतं, त्याचे धागे टोकदार असतात, कुजकं लाकूड काळपट, हाताने भुगा होणारं. चारपाच दिवस चिखलात पडलं की दोन्ही सारखंच दिसायला लागतं. म्हणून फोटो त्याच दिवशी, आणि तुटलेल्या फळ्या, वाकलेला शाफ्ट, पंखा, काहीही भंगारात द्यायचं नाही की चुलीत घालायचं नाही, सर्वेअर सांगेपर्यंत बाजूला ठेवायचं. नुसती जुनी झीज, कीड, कुज याला पॉलिसी पैसे देत नाही हे मात्र खरं आहे, तिथे वाद घालून फायदा नाही.

खलाशांचं काय, रत्नागिरीकडे बोटींवर कितीतरी खलाशी नेपाळचे. ते गावाला गेले की परत कधी येतील सांगता येत नाही. त्यामुळे तांडेल आणि दोन खलाशी यांचे जबाब, सही किंवा अंगठा, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोन नंबर लगेच घ्या. सागरी पोलिसांकडे नोंद करा, फिशरीजच्या ऑफिसला कळवा. आणि सगळीकडे एकच खरी गोष्ट सांगा बाबांनो. पोलिसांना सांगितलं वाऱ्याने आपटली, फॉर्मवर लिहिलं दुसऱ्या बोटीने धडक दिली, आणि जीपीएसचा ट्रॅक तिसरंच दाखवतोय, असे क्लेम मी बघितलेत. आता बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारी यंत्रं, बसतायत, बोट कुठे होती ते लपत नाही. बंदीच्या काळात बाहेर गेला असाल, लायसन्स संपलेलं असेल, पॉलिसीत दिलेल्या हद्दीबाहेर मासेमारी चालू असेल तर कंपनी आधी तेच काढणार.

दोन बोटींची टक्कर झाली की आपल्याकडे गावची मंडळी बसतात, चहा होतो, आणि ठरतं की याने अर्धे दे त्याने अर्धे सोस, विषय संपला. गावासाठी ही चांगली पद्धत आहे, मी नाही म्हणत नाही. पण विम्याच्या दृष्टीने घात. कारण तुम्हाला पैसे दिल्यावर समोरच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तो तुम्ही आधीच सोडून दिलात तर कंपनी तुमचे पैसे अडवू शकते. बैठक करा, पण कंपनीला लेखी विचारल्याशिवाय समझोत्यावर सही करू नका.

मोठ्या जहाजाने धडक दिली तर प्रकरण वेगळं. आधी जीव, कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. मग जहाजाचं नाव, रंग, दिशा, वेळ, जीपीएस पॉइंट, जे दिसलं ते. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या, कायद्याखाली मुंबई हायकोर्टात जाऊन ते जहाज अडकवून ठेवायची ऑर्डर मिळू शकते, पण जहाजाचं नावच माहीत नसेल तर वकील काय करणार.

अजून एक घोळ. निसर्ग वादळ आलं २०२० ला, तौक्ते २०२१ ला, तेव्हा सरकारी पंचनामे झाले आणि खूप जणांना वाटलं की झाला आपला क्लेम. नाही. सरकारी पंचनामा सरकारी मदतीसाठी, ती काही हजारांची, विम्याचा क्लेम वेगळा, वेगळा फॉर्म, वेगळा सर्वेअर. पंचनाम्याची कॉपी जोडा, कामाला येते. तसंच मच्छीमारांचा ५ लाखांचा अपघात विमा आहे केंद्राच्या योजनेतला, तो माणसाचा आहे, बोटीचा नाही. आणि बोटीवर बँकेचा बोजा असेल तर क्लेमचा पैसा आधी बँकेकडे वळू शकतो, म्हणून बँकेलाही पहिल्याच दिवशी कळवा.

क्लेम नाकारला किंवा फारच कापला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, एक महिना वाट बघा, मग विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, स्वतःच्या नावावर बोट असलेल्या माणसाला हा मार्ग आहे, नकारापासून एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या मागणीसाठी, फी नाही, वकील लागत नाही. कुठलं ऑफिस आपल्याला लागू ते विमा नियामकाच्या हेल्पलाइनला, १५५२५५ वर, फोन करून विचारा.

आणि हो, जाळी राहिली. बोटीच्या पॉलिसीत जाळी धरलेली आहेत असं समजू नका, बऱ्याच वेळा नसतात, वेगळी लिहून घ्यावी लागतात आणि त्याचा प्रीमियम वेगळा. मासे शोधायचं यंत्र म्हणजे फिश फाइंडर, वायरलेस यांचंही विचारून घ्या. बोटीची किंमतसुद्धा प्रीमियम वाचवायला कमी लिहू नका, ४० लाखांची बोट २० ला लिहिली तर अर्ध्याच नुकसानीचे पैसे हातात येऊ शकतात. बोट अजून वर ओढलेली आहे तोवर पॉलिसी बाहेर काढा, एवढ्या चार गोष्टी त्यात शोधा, सापडलं नाही तर एजंटला फोन करा, नाहीतर सोसायटीत घेऊन या, मी बसलेलो असतो. नमस्कार.