मनोऱ्याची विहीर

नमस्कार मंडळी. आज ग्राफिंग कॅल्क्युलेटर. म्हणजे बेरीज-वजाबाकीचा नाही आणि सायंटिफिक पण नाही, तो जाडजूड मोठ्या स्क्रीनचा, ज्यात समीकरण टाकलं की रेघ काढून दाखवतो तो. मुलांना तो लागतो, तो महाग असतो, आणि आईवडलांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तिन्ही एकदम आलं की घरात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

तर पेन घ्या. नाहीतर राहू दे, तीनच गोष्टी आहेत, लक्षात राहतील. एक, परीक्षेत चालतो का. दोन, वर्गात बाकीचे काय वापरतात. तीन, किंमत. परत सांगतो कारण रेडिओवर मागे जाता येत नाही, परीक्षा, वर्ग, किंमत. ह्याच ऑर्डरमध्ये. मी किंमत पहिली धरली होती आणि त्यातून जे रामायण झालं ते आज सांगणार आहे, आमच्या प्रोड्युसर बाईंनी ते चारदा ऐकलंय, त्या आत्ताच काचेपलीकडून हात जोडतायत, पण तुम्ही नाही ना ऐकलं.

तर माझी भाची. ताईचा फोन आला की अरे हिला तो ग्राफवाला कॅल्क्युलेटर घ्यायचाय, तुला त्यातलं कळतं ना. आता मला त्यातलं कळतं हा आमच्या घराण्यात पसरलेला गैरसमज आहे, मी एकदा ताईचा वायफाय बंद करून परत चालू केला होता तेव्हापासूनचा. पण नाही कोण म्हणणार. म्हणलं हो, मी आणतो. शाळेच्या यादीत टीआय-८४ प्लस, म्हणजे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा, लिहिलेलं होतं आणि पुढे "किंवा त्यासारखा". मी ते "किंवा त्यासारखा" धरून बसलो. खूप शोधाशोध केली आणि सापडला की एक, दुसऱ्याच कंपनीचा, निम्म्या किमतीत, मेमरी जास्त, फंक्शनं जास्त. कंपनीचं नाव सांगत नाही, यंत्रात काही खोट नव्हती, घेणाऱ्यात होती. मी तो ऐटीत नेऊन दिला आणि वर ताईला म्हणलं, लोक नावाचे पैसे देतात ताई, नुसते नावाचे.

दोन महिने झकास गेले. मग आली चाचणी. चाचणीच्या आधी गणिताच्या बाई सगळ्यांच्या मशीनची मेमरी पुसतात, का तर पोरं त्यात सूत्रं लिहून ठेवतात, कधी कधी आख्खा धडा. ह्यावर माझं मत असंय की जो मुलगा त्या टिचभर बटणांवर एकेक अक्षर शोधत आख्खा धडा टाइप करतो त्याचा तो धडा पाठच झालेला असतो, त्याला बक्षीस द्या, पण ते असो. बाईंनी पुसलं. आणि पुसलं की नुसती सूत्रं जात नाहीत, सगळी सेटिंगं कंपनीतून आली तशी होतात. आणि हे कॅल्क्युलेटर बहुतेक कंपनीतूनच येतात ते रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायचं ते दुसरं माप, एकशेऐंशी अंश म्हणजे पाय रेडियन. मुलं शिकत होती डिग्रीमध्ये.

बाईंना हे माहीत होतं. त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहूनच ठेवली होती, मोड दाबा, खाली जा, डिग्रीवर एंटर. सगळ्या वर्गानं टकटक टकटक केलं, झालं. भाचीच्या मशीनवर मोड नावाचं बटणच नाही! तिच्यात ते सेटअपच्या पोटात, एका लांबलचक यादीत, अँगल ह्या नावानं, आणि ती यादी स्क्रीनवर मावत नाही, खाली सरकवत सरकवत जावं लागतं तेव्हा कुठं दिसतं. बाईंना ते मशीन माहीत नाही, शेजारणीला माहीत नाही, आणि हिनं घरी पहिल्या दिवशी ते कसं लावलं होतं ते आता काही केल्या आठवेना. घड्याळ सुरू.

पहिलंच गणित. मनोऱ्यापासून २० मीटरवर उभे आहात, टोकाकडे बघताना कोन होतो ४० अंशांचा, तर उंची किती. वीस गुणिले टॅन चाळीस. खरं उत्तर येतं १६.७८ मीटर. हिच्या स्क्रीनवर काय यावं, उणे २२.३४. उणे! म्हणजे मनोरा गेला आणि त्याच्या जागी बावीस मीटरची विहीर.

आता मी असतो ना, तर उणेचं चिन्ह खाऊन बावीस लिहून मोकळा झालो असतो, खोटं कशाला बोलू. पण पोरगी हुशार. तिनं साईन तीस दाबून बघितलं. साईन तीस म्हणजे अर्धा, ते पाठच असतं सगळ्यांना. आलं उणे ०.९८८. म्हणजे डोकं फिरलंय ते माझं नाही, मशीनचं, एवढं तिला कळलं. पण मेन्यू सापडेना तो नाहीच. मग तिनं काय करावं, तिनं मेन्यू शोधणंच सोडून दिलं आणि प्रत्येक कोन स्वतः रेडियन करून घालायला लागली. चाळीस गुणिले पाय, भागिले एकशेऐंशी, आलं ०.६९८, आता त्याचा टॅन. पुढचा कोन, परत गुणिले पाय, भागिले एकशेऐंशी. जिथं कोनच काढायचाय तिथं आलेलं उत्तर उलटं फिरवायचं, गुणिले एकशेऐंशी, भागिले पाय. सतरा गणितं होती मंडळी. चौदा झाली. चौदाच्या चौदा बरोबर, आणि तीन कोरी, वेळच उरला नाही.

संध्याकाळी मी गेलो तर ती रागावली वगैरे काही नाही. कॅल्क्युलेटर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, मामा, ह्याला डिग्रीत आण. पाऊण तास! चष्मा दोनदा पुसला. पुस्तिका डब्यात नव्हतीच, हल्ली देत नाहीत, वेबसाइटवर जा म्हणतात, म्हणजे वस्तू यांनी विकायची आणि ती वापरायची कशी ते गिऱ्हाइकानं शोधत बसायचं, ह्यावर मी एकदा आख्खा कार्यक्रम करणार आहे, प्रोड्युसर बाई नको म्हणतायत. तर पाऊण तासानं सापडलं एकदाचं. ताई दारात उभी होती. म्हणाली, "काय रे, नावाचे पैसे देतात ना लोक?"

मी गप्प. ती जास्तीची रक्कम म्हणजे फळ्यावरची ती एक ओळ होती हो. ती मी वाचवली होती.

आता वेळ थोडा राहिलाय, पटपट. परीक्षा, वर्ग, किंमत.

परीक्षा. मूल ज्या परीक्षेला बसणार तिची कोणते चालतात ती यादी आधी बघा, दुकानदाराला विचारू नका, तो सगळंच चालतं म्हणणार. यात मेख आहे ती सीएएसची. म्हणजे असा कॅल्क्युलेटर जो आकडे न घालता एक्स तसाच ठेवून समीकरण सोडवतो, अवयव पाडतो. टीआय-८९, एचपी प्राइम, हे त्यातले. फार भारी यंत्रं आहेत, पण एसीटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, तिला नेलंत तर आत घेत नाहीत. टीआयचाच एनस्पायर म्हणून एक आहे तो दोन तऱ्हांचा येतो, सीएएसवाला आणि बिनसीएएसचा, दिसायला जुळे भाऊ, तेव्हा जुना घेत असाल तर त्याच्या अंगावर सीएएस लिहिलंय का ते डोळ्यांनी वाचा. आणि कंप्युटरसारखा पूर्ण कीबोर्ड असलेला, टीआय-९२ सारखा, कितीही स्वस्तात मिळाला तरी परीक्षेसाठी घेऊ नका.

आणि एक, मुळात विकत घ्यायला हवा का तेही विचारा. एसएटी, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाचीच दुसरी परीक्षा, आता कंप्युटरवर होते आणि तिच्यात डेस्मॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो, फुकट. घरच्या अभ्यासाला डेस्मॉस आणि जिओजेब्रा दोन्ही मोबाइलवर फुकट आहेत आणि खरं सांगायचं तर रेघ त्यात जास्त सुंदर दिसते. पण वर्गात मोबाइल काढू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

वर्ग. हे झालं सांगून, विहीर आठवा. बाई जो फळ्यावर शिकवतात तो. वर्ग कॅसिओचा असेल तर कॅसिओ, त्यांची एफएक्स-९७५० वाली मालिका परवडणारी असते. न्यूमवर्क्स म्हणून फ्रान्सचा एक आलाय २०१७ पासून, वापरायला सोपा आहे, आणि त्यांच्या वेबसाइटवर तो आख्खा स्क्रीनवर चालवून बघता येतो, घ्यायच्या आधी. मला ते फार आवडलं. पण बाईंना आवडलाय का ते आधी.

किंमत. सेकंडहँड घ्या. निःसंकोच घ्या. पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओनं आणला १९८५ ला, एफएक्स-७०००जी. टीआयचा पहिला टीआय-८१, १९९० चा. टीआय-८३ प्लस १९९९ चा आणि ८४ प्लस २००४ चा, दोघांच्या स्क्रीनवर ठिपके तेवढेच, ९६ बाय ६४, आणि आत झेड-८० जातीचीच चिप, जी चिप पहिल्यांदा आली १९७६ ला! मोबाइल दोन वर्षांत जुना म्हणून फेकणारे आपण लोक, आणि इथं १९७६ ची चिप निवांत पॅराबोला काढतेय, तो तेव्हाही तसाच होता. तर सांगायचं काय की ८३ प्लस आणि ८४ प्लसचे मेन्यू जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे कुणाच्या दादाचा जुना ८३ प्लस मिळाला तर फळ्यावरची ओळ त्यालाही चालते. हे परत सांगतो, मेन्यू सारखे आहेत, चालते.

जुना घेताना मागचं झाकण उघडा, सेल गळून पांढरं-हिरवं काही साचलंय का बघा. रिमोटचं करता तसंच, त्यात नवीन काही नाही. ह्या काळ्या-पांढऱ्या टीआयमध्ये सेकंड नावाचं बटण दाबून मग वरचा बाण धरून ठेवला की स्क्रीन गडद होत जातो, पार काळा करा, मध्ये एखादी आडवी-उभी पांढरी रेघ राहिली तर तेवढे ठिपके मेलेत, नको म्हणा. सगळी बटणं एकेक करून दाबा, विकणारा वैतागला तरी दाबा. रंगीत स्क्रीनचा ८४ प्लस सीई, २०१५ चा, छान आहे पण त्यात आतली चार्जवाली बॅटरी असते, जुना घेतलात तर ती किती दमलीय ते कळत नाही, आणि चार्जर विसरलेलं मूल मी रोज बघतो. चार छोटे सेल टाकायचे कॅल्क्युलेटर मला बरे वाटतात, सेल उसने मिळतात.

आणि हो, कुठलाही घ्या, हातात आला की पहिलं साईन तीस. अर्धा आला तर डिग्रीत आहे, उणे ०.९८८ आला तर रेडियनमध्ये. परीक्षेत मेमरी पुसल्यावरही पहिलं हेच, साईन तीस.

भाचीनं पुढं एक जुना ८३ प्लस घेतला, स्वतःच्या पैशातून, मला न विचारता. माझावाला माझ्याकडे परत आला. तो आता टेबलावर असतो, घरखर्चाची बेरीज करतो मी त्यावर, डिग्रीत आहे. सेल उतरत आलेत, बदलायला पाहिजेत, पण बदलताना मेमरी गेली तर परत तो अँगल शोधायला लागेल म्हणून अजून हात लावला नाहीये.

बरंय तर. नमस्कार.