सूर्य थांबला होता का?

[काळोख. मग एक जुनं, हाताने लिहिलेलं पान. कॅमेरा हळूहळू दोन ओळींवर येऊन थांबतो.]

या दोन ओळींनी माणसांना शेकडो वर्षं भांडायला लावलं आहे.

बायबलच्या जुन्या करारातलं यहोशवाचं पुस्तक, अध्याय दहावा. लढाई चालू आहे. शत्रूचं सैन्य पळत सुटलंय. आणि इस्राएल लोकांचा नेता यहोशवा आभाळाकडे बघून म्हणतो, ‘सूर्या, गिबोनावर थांब. चंद्रा, अयालोनच्या खोऱ्यावर थांब.’ पुढे लिहिलंय, सूर्य थांबला.

थांबला म्हणजे? खरोखरच थांबला? की दिवस संपता संपेना असं लढणाऱ्याला वाटलं? की आम्ही एकटे नव्हतो, आभाळसुद्धा आमच्या बाजूने होतं, असं कुणाला सांगायचं होतं?

धर्मग्रंथ वाचणाऱ्या प्रत्येकाला कुठेतरी हा प्रश्न अडवतोच. शब्द धरायचा की शब्दामागचा अर्थ? उत्तराची घाई नको. आधी या प्रश्नाने कुणाकुणाला गाठलं ते पाहू.

[दुर्बीण. कागदावर काढलेल्या चंद्राच्या कला.]

साल 1615. गॅलिलिओ टस्कनीच्या राजमातेला, क्रिस्टिनाला, एक लांबलचक पत्र लिहितो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्यांच्या तोंडावर तेव्हा यहोशवाच्या याच ओळी फेकल्या जात होत्या. गॅलिलिओचं म्हणणं साधं होतं. धर्मग्रंथ सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत बोलतो. आपणही ‘सूर्य उगवला’, ‘सूर्य मावळला’ असंच म्हणतो ना? पृथ्वी फिरते हे ठाऊक असून म्हणतो, आणि त्यात कुणी खोटं बोलत नाही.

पुढच्याच वर्षी चर्चने सूर्यकेंद्री मत ग्रंथविरोधी ठरवलं. 1633 मध्ये त्याच्याकडून गुडघे टेकून ते मत सोडल्याची शपथ घेतली गेली. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच पत्राच्या शेवटाकडचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. तिथे गॅलिलिओ स्वतःच सिद्ध करायला बसतो की सूर्याचं स्वतःभोवती फिरणं थांबलं तर सगळी ग्रहमाला थांबेल, म्हणजे यहोशवाची गोष्ट कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री मांडणीत जास्त चांगली बसते! ग्रंथाकडून खगोलशास्त्र वदवून घेऊ नका म्हणणारा माणूस चार पानांनंतर तेच करतो. यात त्याची चूक काढण्यापेक्षा मला या मोहाची ताकद दिसते. जे आपल्याला पटलंय ते आपल्या ग्रंथात आधीपासून होतंच, असं वाटायला प्रत्येकालाच आवडतं.

[सुटी, लांबट पोथीची पानं. एक हात पान उलटतो.]

आता खूप मागे जाऊ. वेदांतल्या अवघड शब्दांचा उलगडा करणारं ‘निरुक्त’, आणि ते लिहिणारा यास्क. त्यात यास्क एका विरोधकाचं म्हणणं नोंदवून ठेवतो. या विरोधकाचं नाव कौत्स. तो म्हणतो, मंत्रांना अर्थच नाही. आणि तो पुरावा देतो. कुऱ्हाडीला उद्देशून मंत्र आहे, ‘याला इजा करू नकोस’, आणि हे म्हणायचं कधी, तर घाव घालतानाच! याला काय अर्थ म्हणायचा?

हा आक्षेप एखाद्या नास्तिकाने आज घेतला असता तरी तितकाच धारदार वाटला असता. तो वेदांगाच्या ग्रंथात, वेद मानणाऱ्यांच्या घरात बसून घेतला गेला आणि जपूनही ठेवला गेला. यास्काचं उत्तरही तोडीस तोड आहे: आंधळ्याला खांब दिसला नाही, हा काही खांबाचा दोष नव्हे.

मग वृत्राची गोष्ट येते. इंद्राने ज्याला मारलं तो वृत्र. यास्क विचारतो, हा वृत्र कोण? आणि दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवतो. निरुक्तवाले म्हणतात, मेघ. ऐतिहासिक मंडळी, म्हणजे या गोष्टी घडलेला इतिहास मानणारे, म्हणतात, त्वष्ट्याचा मुलगा, असुर. पुढे तो स्वतः सांगतो, पाणी आणि तेज एकत्र आलं की पाऊस पडतो, आणि लढाईची वर्णनं येतात ती उपमेच्या अर्थाने.

म्हणजे ‘हे रूपक आहे’ हा शोध आपल्या विज्ञानयुगाचा नाही. ग्रंथ अडचणीत आले म्हणून कालपरवा काढलेली ती पळवाटही नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं, त्याच्या नावातच ‘शब्दशः अर्थ’ आहे. पण त्यात तो सृष्टीचे सहा दिवस घड्याळाचे दिवस मानत नाही. सगळं एका क्षणात निर्माण झालं, असं त्याचं मत. वर बजावतो की ग्रंथाचा हवाला देऊन आकाश आणि ताऱ्यांबद्दल काहीबाही बोलणारा माणूस श्रद्धेचंच हसं करून घेतो.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर यातून वाचण्याचं एक शास्त्रच उभं केलं. ते पहिला प्रश्न ‘खरं की रूपक’ असा विचारत नाहीत. ते विचारतात, हे वाक्य काम काय करतंय? एखादी गोष्ट करायला सांगतंय का? मग तो विधी. की त्या गोष्टीची थोरवी गातंय? मग तो अर्थवाद. ‘यज्ञातला खांब म्हणजे सूर्य आहे’ असं वेदात आलं, तर मीमांसक खांब आणि सूर्य यांच्यात साम्य शोधतो. चकाकी सारखी, म्हणून तसं म्हटलं. खांबाला कुणी खगोल समजत नाही. आणि शंकराचार्य गीतेवरच्या भाष्यात सरळ लिहितात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. वेदाला सर्वोच्च मानणारा माणूस हे लिहितो आहे. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं.

[छापील पान. मधोमध मूळ मजकूर, चारी बाजूंनी बारीक टीपा.]

हे तालमुदचं, ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाचं, पान. मध्ये मूळ, भोवती टीकाकारांची गर्दी. इथे ‘डोळ्याला डोळा’ या आज्ञेवर खल चालला आहे. वाच्यार्थ अगदी स्पष्ट आहे: कुणी कुणाचा डोळा फोडला, तर त्याचा डोळा फोडा. पण एक जण विचारतो, दोघांच्या डोळ्यांत लहानमोठेपणा असेल तर? दुसरा विचारतो, फोडणारा आधीच आंधळा असेल तर त्याचं काय फोडणार? एकेक करत ते निर्णयाला येतात. डोळ्याला डोळा म्हणजे डोळ्याची भरपाई, पैशात.

इथे शब्द सोडला म्हणून कुणाचा तरी डोळा वाचला. अर्थ लावणं ही पंडितांची करमणूक नसते. त्याच्या टोकाला कुणाचं तरी शरीर असतं.

[वाळूवर उमटलेल्या ओळी, वारा त्या हळूहळू पुसतो.]

पण अर्थ लावायचा कुणी?

कुराणाच्या तिसऱ्या सूरेतली सातवी आयत सांगते की काही वचनं स्पष्ट आहेत, ती ग्रंथाचं मूळ, आणि काही संदिग्ध. पुढे, त्या संदिग्धांचा अर्थ कोण जाणतो ते येतं, आणि तिथे सगळं श्वासावर अवलंबून आहे. ‘अल्लाहशिवाय कुणी जाणत नाही’ इथे थांबलात, तर माणसाने गप्प राहायचं. न थांबता पुढे गेलात, तर ‘अल्लाह आणि ज्ञानात पक्के असलेले लोक’ असं होतं. एका विरामाने दार उघडतं किंवा बंद होतं. बाराव्या शतकातला, स्पेनमधल्या कोर्दोबाचा न्यायाधीश इब्न रुश्द दुसरं वाचन घेतो: बुद्धीने सिद्ध झालेल्या गोष्टीशी वाच्यार्थाचा विरोध आला, तर अर्थ लावावा. पण हे काम जाणत्यांचं, सर्वसामान्यांपुढे ते अर्थ मांडू नयेत, असंही तो म्हणतो.

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. अर्थ मूठभरांच्या हातात राहिला की बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं पाळणं येतं. तुकोबांनी हा हिशेब उलटा मांडला: वेदाचा अर्थ आम्हांलाच ठावा, इतरांनी डोक्यावर भार वाहावा. वेद ऐकायचाही अधिकार ज्याला नाकारला होता, तो माणूस हे म्हणतो आहे.

[न्यायालयाबाहेरचं गवत, झाडं. उन्हाळा.]

20 जुलै 1925. अमेरिकेतलं डेटन गाव. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालू आहे आणि न्यायालय बाहेर हिरवळीवर भरलंय. बचावाचा वकील क्लॅरेन्स डॅरो साक्षीला बोलावतो थेट विरोधी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनला. ब्रायन म्हणजे बायबलच्या शब्दाचा देशातला सर्वांत मोठा कैवारी. डॅरो बरोबर आपल्या त्याच ओळींवर येतो. यहोशवाने सूर्य थांबवला, हे तुम्ही मानता?

ब्रायन म्हणतो, बायबल सांगतं ते मी मानतो. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही तो मान्य करतो, आणि पुढे म्हणतो की लिहिणाऱ्याने त्या काळच्या लोकांना कळेल अशी भाषा वापरली असावी. गॅलिलिओचाच युक्तिवाद, तीनशे दहा वर्षांनी, दुसऱ्या बाजूच्या तोंडून! ‘तुम्ही पृथ्वीचं मीठ आहा’ हे वचन दृष्टांत म्हणून दिलंय, असंही तो त्याच साक्षीत सांगतो. सहा दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत, असा आग्रहही तो धरत नाही.

शब्दाला चिकटणारा माणूससुद्धा कुठेतरी शब्द सोडतोच. तो कुठे सोडतो, आणि कुठे काही केल्या सोडत नाही, तिथे खरी गोष्ट कळते.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त अस्वस्थ करते.

पुरुषसूक्तात एका विराट पुरुषाच्या अंगांपासून सगळं विश्व होतं. मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्या जागी चार वर्ण. हे सूक्त आहे, गाणं आहे. हीच प्रतिमा मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात येते आणि तिच्यापाठोपाठ प्रत्येक वर्णाची कामं वाटली जातात. गाण्याचा कायदा झाला. चंद्र मनापासून झाला, यावरून कुणाला कधी शिक्षा झाली नाही. पायांच्या ओळीची शिक्षा माणसांनी पिढ्यानपिढ्या भोगली.

‘अहो, ते रूपक होतं’ असं म्हणून यातून सुटता येतं का? 1936 साली, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि परिषदच रद्द झाल्याने न झालेल्या भाषणात, डॉ. आंबेडकरांनी याचं उत्तर दिलं. व्याकरणाने किंवा तर्काने शास्त्रांचा अर्थ वेगळा निघतो, हे सांगून उपयोग नाही. लोकांनी शास्त्रांचा अर्थ काय घेतला आणि ते त्याप्रमाणे कसे वागले, हे महत्त्वाचं.

हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. रूपकाची मला आवड आहे. पण जखमेवर टाकलेलं रूपकाचं पांघरूण मला नको. जे वाक्य आज्ञा म्हणून वापरलं गेलं, ते आज्ञा म्हणूनच वाचायला हवं. नंतर हवं तर नाकारावं, पण ते उघडपणे.

[पुन्हा तेच पहिलं पान. कॅमेरा आता दोन ओळींच्या थोडा खाली सरकतो.]

सुरुवातीला आपण या पानावर जरा आधीच थांबलो होतो. त्या ओळींच्या लगेच खाली एक प्रश्न लिहिलेला आहे: ‘हे याशारच्या ग्रंथात लिहिलेलं नाही का?’

याशारचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. जुन्या करारात त्याचं नाव आणखी एकदा येतं, तेही राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या मृत्यूवर दाविदाने केलेल्या शोकगीताजवळ. म्हणजे तो बहुधा गाण्यांचाच संग्रह होता. आता त्या ओळी पुन्हा ऐका. सूर्या, गिबोनावर. चंद्रा, अयालोनच्या खोऱ्यावर. एका ओळीला दुसरी जोड देत जाणारी ती हिब्रू कवितेची चाल आहे.

आणि प्रश्नानंतरचं वाक्य गद्य आहे. सूर्य आकाशाच्या मध्यावर थांबला आणि जवळजवळ पूर्ण दिवसभर त्याने मावळायची घाई केली नाही.

कुणीतरी लढाईवर गाणं रचलं. नंतर कुणीतरी ते आपल्या इतिहासात उतरवून घेतलं, कुठून घेतलं तेही प्रामाणिकपणे लिहिलं, आणि मग ते शब्दशः समजावून सांगितलं. मला तरी हे पान असं दिसतं. वर कवी आहे, खाली त्याचा वाचक, आणि दोघांच्या मध्ये एवढी एक ओळ.

[कॅमेरा त्या ओळीवर थांबतो. पान हळूहळू अंधारात जातं.]